सोनेरी बाटलीची खोटी साक्ष

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो, आणि माझा विश्वासघात झाला आहे. क्वेबेकमधल्या बोस भागात, मेपलच्या झाडांचा रस आटवायच्या खोपीत, खिडकीपाशी माझी जागा आहे. माझ्या पोटात चार छोट्या बाटल्या आहेत. एकीत सोनेरी पाक, दुसरीत तांबूस, तिसरीत गडद आणि चौथीत अगदी काळपट. नव्या पाकाची बाटली माझ्या शेजारी उजेडात धरायची. ज्या बाटलीशी रंग जुळला, ती त्याची प्रत. मला एवढंच काम येतं, पण ते मी चोख केलं.

रंग म्हणजे नुसता देखणेपणा नव्हे हं! घरच्या म्हाताऱ्या फिलोमेनबाई हे सगळ्यांना बजावायच्या. सोनेरी पाक नाजूक, तो सायीवर किंवा ताज्या बर्फावर ओतायचा. तांबूस रोजच्या धिरड्यांवर. गडद पाक डुकराच्या चरबीबरोबर मंद आचेवर शिजणाऱ्या घेवड्यात. आणि काळपट केकमध्ये, कारण पिठातही त्याची चव दबत नाही. एकदा शेजारणीने घेवड्यात सोनेरी पाक घातला, तर बाई म्हणाल्या, "अगं, अत्तर ओतलंस की चुलीत!"

पुढे बाईंची नजर अधू झाली, रंग कळेनासे झाले. पण जिभेवर थेंब ठेवला की माझ्याआधी त्या प्रत सांगायच्या. आमचं दोघींचं कधी दुमत झालं नाही. दर वसंतात पहिल्या सोनेरी पाकाचा पहिला चमचा, सायीबरोबर, त्यांचाच असे.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये अचानक ऊन तापलं. बाईंचा मुलगा रोझेर दोन दिवस तळ्यावर मासे धरायला गेला आणि रस झाडांना टांगलेल्या बादल्यांत तसाच राहिला. उबेत राहिलेला रस बिघडतो, पाक गडद होतो. रस साठू देऊ नकोस, हे आई त्याला लहानपणापासून सांगत आली होती. पहिली कढई उतरली ती तांबूस.

"मेलो! आई आता मला सोलून काढणार," रोझेर पुटपुटला. मग त्याने माझी सोनेरी बाटली उघडली, आतला पाक बर्फात ओतून दिला आणि तिच्यात स्वतःचा तांबूस पाक भरला. माझ्या डोळ्यांदेखत! मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

रविवारी सगळे खोपीतच जेवायला बसले. बाईंनी चमचा तोंडात घेतला आणि खाली ठेवला.

"हा सोनेरी नाही, रोझेर. रस उन्हात राहिलाय."

"काहीतरीच काय आई! पेटी आहे ना. जिनेत, बघ की."

त्याची बायको जिनेत, तिला बिचारीला काय ठाऊक! तिने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "सासूबाई, अगदी तंतोतंत जुळतोय हो."

बाईंनी पुन्हा चाखून पाहिलं. "मग माझी जीभ गेली म्हणायची," त्या म्हणाल्या.

अजूनही त्याला खरं बोलता आलं असतं. पण रोझेर म्हणाला, "वय झालं की होतं असं, आई."

त्या दिवशी बाईंनी आपला स्वयंपाकाचा डाव सुनेच्या हातात दिला. आता घेवडा शिजला की म्हणतात, "मीठ तूच बघ गं, मला नाही कळायचं." रोझेरने पुढच्या वर्षी गुपचूप माझ्या बाटलीत खरा सोनेरी पाक भरला. पुरावाच मिटला! आता तो पाहुण्यांसमोर माझी पाठ थोपटतो, आमची पेटी कधी चुकत नाही म्हणतो. मला ते कौतुक नको वाटतं.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण माझ्या बाटल्यांत खरा पाक ठेवा. मुक्या वस्तूला खोट्या साक्षीला उभं करू नका. आम्हाला नंतर माफीसुद्धा मागता येत नाही.

यंदा पहिली कढई अस्सल सोनेरी उतरली. जिनेतने चमचा पुढे केला. चव लागताच बाईंचा चेहरा उजळला. त्यांना कळलं होतं, मी पाहिलं! "सोने..." एवढं त्या बोलल्या आणि थांबल्या. मग चाचपडत खिडकीपाशी आल्या, माझ्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाल्या,

"नको बाई. ही काय म्हणते ते बघा आधी."