काळ्या खिडकीतला मजकूर

आयर्लंडमध्ये कॉर्कला मुलाकडं येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच अण्णांनी शनिवारचं परतीचं तिकीट बघायला सांगितलं. मिरजेत चाळीस वर्षं छापखाना चालवलेला माणूस. इथं करायचं काय? सून मेधा हॉस्पिटलात, मुलगा लॅपटॉपवर, आणि शेजारी हसून 'ग्रँड', म्हणजे छान चाललंय, एवढंच म्हणून चालते व्हायचे. अंबरीशला वडील महिनाभर तरी हवे होते; पण अण्णांना आग्रह करायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

बुधवारी तो घरूनच काम करत होता. अण्णा मागं येऊन उभे राहिले. त्यानं लॅपटॉपवर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, तसं वर उमटलं: शेवटचं लॉगिन, मंगळवार, नऊ चाळीस.

"हे काय? दारात आलेल्या माणसाला 'मागं कधी आला होतास' म्हणून ऐकवतात होय?"

अंबरीशला हसू आलं. "बदलता येतं, अण्णा. एका फाइलीत लिहिलं की उघडताना तेच दिसतं. तुम्हीच द्या ना मजकूर."

"ओळी किती?" अण्णांनी विचारलं आणि पेन्सिल मागितली.

लोकांच्या लग्नपत्रिकांचे खिळे जुळवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी या चार शब्दांसाठी दोन दिवस घेतले. लिहायचे, खोडायचे, जेवणाला हाक मारली तर हातानंच थांब म्हणायचे. अंबरीशला वाटलं, आपण उगाच हे काम दिलं. ते संपलं की अण्णा निघालेच.

शुक्रवारी दुपारी अण्णांनी कागद हातात ठेवला. अंबरीशनं तो उतरवून घेतला आणि नवी खिडकी उघडली.

ये अंबरीश. दमला असशील.
बस जरा. काम कुठं पळून जात नाही.

एकोणचाळीस वर्षांत अण्णा त्याच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्याला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून तो पडद्याकडेच बघत राहिला.

"प्रूफ नीट वाच," अण्णा पाठीमागून म्हणाले. "आमच्याकडं तीनदा वाचायची पद्धत. दुरुस्त्या निघाल्या तर मात्र मला उद्या जाता यायचं नाही. काम अर्धवट टाकून मी कधी उठलेलो नाही."

अंबरीशनं तीनदा वाचलं. एकही चूक नव्हती.

"पुष्कळ निघाल्यात, अण्णा," तो म्हणाला. "महिनाभर तरी पुरतील."