कथेतली विहीर

लातूरच्या विशाखाचं नाव पाळण्यात ठेवलं ते पुण्याचे गाजलेले लेखक बापूसाहेब यांनी; तिच्या वडिलांचे ते जिवलग दोस्त. लिहिता येऊ लागल्यापासून ती त्यांना पत्रं लिहायची आणि तेही न चुकता उत्तर धाडायचे. नवऱ्यानं टाकलं, तेव्हा जे आईलाही सांगवलं नाही ते तिनं या काकांना लिहिलं.

या खेपेला निजामाच्या टपालानं पत्राऐवजी मासिक आलं. त्यात बापूसाहेबांची कथा. टाकलेली पोर, परसातली विहीर, काठावरचा लिंब, सगळं तिच्याच पत्रातलं. नाव तेवढं बदललेलं. शेवटी त्या पोरीनं विहिरीत उडी घेतली होती. सोबत चिठ्ठी: "शेवट वाचून लोक रडले, बेटा."

मासिक गल्लीभर फिरलं. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला निघाली, तर शेजारच्या नागाबाईनं तिच्या हातातला पोहरा धरला. "एकटी जाऊ नगंस माय, लई भ्या वाटतंय."

विशाखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पोहरा हिसकावला, घागर भरून आणली आणि ओल्या हातानंच पत्र लिहायला घेतलं.

"काका, तुमची पोर मेली. मी त्याच विहिरीचं पाणी रोज शेंदते. तुम्हाला मात्र इथून पुढं एक थेंबही मिळायचा नाही."