दुपारचे तीन तांबे पाणी

“पाणी दिलं की गं ताई! दुपारचे तीन-तीन तांबे दिले. आणखी काय करायचं होतं मी?”

“काही करायचं नव्हतंस! तेच तर घसा फोडून सांगून गेले होते!”

या दोघी सख्ख्या बहिणी. तांबे मोजतेय ती धाकटी. काठी आपटतेय ती थोरली, गुडघ्याचं ऑपरेशन करून तीन आठवड्यांनी आजच घरी आलेली. आणि जिच्यावरून हे चाललंय ती मी, कुंडीतली फ्युशिया, झुंबरासारख्या लोंबत्या फुलांचं झाड. आवाज बारीक येत असेल तर माफ करा. मुळं कुजलीत माझी.

माझा जन्म थंड डोंगरावरच्या नर्सरीतला. थोरली मला न्यायला आली तेव्हा माळी म्हणाला, “बाई, तीन नेल्यात, तिन्ही मारल्यात. तुमच्याकडच्या उकाड्यात ही जगायची नाही. गुलाब न्या.” थोरली शिवणकाम करणारी, शाळा चौथीत सुटलेली. ‘जमायचं नाही’ एवढं कानावर पडलं की ती इरेला पेटते. तिने माझं फूल उलटून पाहिलं. वर लाल झगा, आत जांभळा परकर. म्हणाली, “शिलाई बघा हिची! नेणार म्हणजे नेणार.”

तिने मला मागच्या बाल्कनीत ठेवलं. तिथे सकाळचं कोवळं ऊन दोन तास, मग दिवसभर सावली. माझी कुंडी एका जुन्या मोठ्या कुंडीत बसवली आणि मधल्या जागेत ओली वाळू भरली, मुळांना गारवा म्हणून. माझे शेंडे खुडायची तेव्हा मला राग यायचा; पण एका शेंड्याच्या जागी दोन फांद्या यायच्या. उन्हाळ्यात फुलं मागायची नाही. “झोप तू. मलाही काही सुचत नाहीये,” म्हणायची.

आणि तीन रोपं घालवून तिला एक गोष्ट कळली होती. भर उकाड्यात मी मान टाकते ती तहानेने नव्हे, उष्म्याने. माती तेव्हा ओलीच असते. त्यात आणखी पाणी ओतलं की मुळं गुदमरतात. सावलीत ठेवा, संध्याकाळी मी आपोआप उभी राहते. हे तिने कपड्याचा नमुना कापायच्या खाकी कागदावर लिहून माझ्या डोक्यावर टाचलं होतं: “दुपारी मान टाकली तर पाणी नाही. मातीत बोट घालून बघ.”

नऊ वर्षं फुलले मी. धाकटी रोज माझी सुकलेली फुलं वेचायची. तिची बोटं मला ओळखीची होती. म्हणून तर जास्त लागलं.

“तू निर्धास्त जा ताई, हिचं पानसुद्धा हलू देणार नाही,” असं म्हणाली होती ती. चौथ्या दिवशी बागेच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते. तिने मला वाळूतून उपसलं, कारण बाहेरची कुंडी कळकट दिसत होती. रस्त्यावरच्या लोकांना दिसेन अशी पुढच्या कठड्यावर ठेवलं. आणि तो खाकी कागद काढून, घडी घालून खणात ठेवला. विसरणारं माणूस घडी घालत नाही.

“सगळं एकटीने केलंत?” परीक्षकांनी विचारलं.

“एकटीनेच,” धाकटी म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही.

धाकटीच्या नावाचं, पहिल्या क्रमांकाचं कार्ड मिळालं. मग बघायला माणसं येत राहिली, आणि मी उन्हातच राहिले. दुपारी मान टाकली की पाहुण्यांसमोर तिला लाज वाटायची. ओत तांबा. मी पानं पिवळी केली, कळ्या गाळल्या. याहून मोठ्याने मला ओरडता येत नाही. तिने आणखी एक तांबा ओतला.

आता थोरलीने मातीत बोट घातलं, हुंगलं आणि कात्रीसाठी खण उघडला. कागद आणि कार्ड एकावर एक निघाले.

“हे काय गं?”

“हो, लावलं माझं नाव!” धाकटीचा आवाज चिरकला. “उभी गल्ली मला ‘शिवणवाल्या बाईंची बहीण’ म्हणते. साठ वर्षं झाली! एकदा, एकदाच मला माझं नाव कुठेतरी लिहिलेलं बघायचं होतं.”

थोरलीने कात्री उचलली. माझा एकच शेंडा अजून हिरवा होता, तो तिने कापला. खालची पानं काढून ओल्या वाळूच्या पेल्यात खोचला.

माझं आता संपलं. तुमच्या घरी कुणी हिरवं माणूस असेल, तर त्याने मान टाकल्यावर तांब्याआधी बोट पुढे करा, एवढंच मागते.

वाटलं होतं, तो पेला थोरली स्वतःच्या उशाशी ठेवील. तिने तो मला बुडवणाऱ्या हातांतच दिला, वर तो खाकी कागदही ठेवला. थोरलीकडून मला ही अपेक्षा नव्हती. धाकटी हात मागे घ्यायला लागली, तशी थोरलीने तिची बोटं पेल्याभोवती घट्ट दाबली आणि म्हणाली, “धर नीट, ही जगली तरी तुझ्या नावावर, आणि मेली तरी तुझ्याच नावावर.”