हातात न्यायची बॅग

आबासाहेबांनी तिसरी बॅग उचलली, चौकटीतल्या खिळ्यावरची दुकानदाराची टोपी काढून गादीवर ठेवली आणि त्या खिळ्याला बॅग टांगली. मग दोन पावलं मागं सरून ते तिच्याकडं बघत उभे राहिले. बॅग एका अंगाला कलली. पट्ट्याची शिवण ताणली गेली. त्यांनी मान हलवली, बॅग काढली आणि खाली न ठेवता शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या मुलाच्या, महिपतीच्या हातात दिली.

"मालक, टांगून काय बघायलाव?" दुकानदार सिद्रामप्पा गादीवरून म्हणाले. "विमानात खुंट्या नसत्यात."

"नसू द्या की. घरी आल्यावर लागंल."

सिद्रामप्पा हसले. नवी पेठेतलं त्यांचं दुकान तसं लहानच होतं. पुढं लग्नाच्या ट्रंका रचलेल्या, वर होल्डॉल लटकवलेले, आणि उरलेल्या जागेत रेक्झिनच्या पिशव्या, दप्तरं नि सुटकेसी कोंबलेल्या. वैशाखाच्या दुपारी रेक्झिनला असा वास सुटला होता की बाहेरून येणाऱ्याचं डोकं धरावं. सिद्रामप्पांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य पंढरपूर नि अक्कलकोटच्या गिऱ्हाइकांना ट्रंका विकण्यात गेलेलं. त्यात धोतर-फेट्यातला एक म्हातारा येतो आणि विमानात हातात न्यायला हलकी बॅग मागतो, याचं त्यांना एवढं अप्रूप वाटलं होतं की जणू स्वतःच निघालेत.

"ही बघा. अस्सल चामडं. जन्मभर जाईल."

"कातडं नगं."

"माळकरी दिसतायसा. ठीक हाय, ठीक हाय," म्हणत त्यांनी ती बॅग लगबगीनं मागं सारली.

आबासाहेब माळकरी नव्हते. ते आपल्या धाकट्या मुलाच्या अस्थी आणायला निघाले होते.

हिंदुराव नैरोबीजवळच्या एका कापड गिरणीत वीव्हिंग मास्टर होता. सोलापुरात शिकला, इथल्याच मागांवर हात बसवला आणि चार वर्षांपूर्वी तिकडं गेला. मागच्या महिन्यात त्याची जीप रस्त्यावर उलटली. तिथल्या गुजराती मित्रांनी त्याला अग्नी दिला. गावाकडं, करकंबात, दहावं-तेरावं उरकलं, पण ज्याचं उरकलं तो तिकडंच एका डब्यात राहिला होता. मग गिरणीच्या मुंबईच्या माणसाचा महिपतीच्या हापिसात फोन आला. घरातल्या एकाला गिरणी तिकीट देईल, असं तो म्हणाला. घरात पासपोर्ट एकट्या आबासाहेबांचा होता. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आलेल्या हिंदुरावानंच हौसेनं तो काढून दिला होता. एकदा येऊन बघा आबा, म्हणाला होता. आबासाहेबांनी एक वर्ष ऊस पुढं केला, एक वर्ष विहीर. पासपोर्ट बायकोच्या, सोनाबाईंच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत पडून राहिला. आता तो कामाला आला. माणसाच्या नशिबात अशीही थट्टा असते.

अस्थी भुईला टेकवायच्या नसतात, घरात घ्यायच्या नसतात. भीमेत सोडायला नेईपर्यंत अंगणातल्या लिंबाला टांगून ठेवायच्या असतात. म्हणून तो खिळा, नि विटाळ नको म्हणून कातडं नको. आणि बॅग हातातलीच हवी, याला कारण तो मुंबईचा माणूस. मोठं सामान विमानाच्या पोटात जातं आणि कधीमधी भलतीकडंच उतरतं, असं तो सहज बोलून गेला होता. ते महिपतीनं गावी गेल्यावर तितक्याच सहज सांगितलं.

"भलतीकडं म्हंजे?" आबासाहेबांनी विचारलं होतं.

"दुसऱ्या गावाला, आबा. चुकून. मागनं येतं परत."

"मागनं," आबासाहेब म्हणाले होते, आणि त्या दिवसापासून त्यांनी हातातल्या बॅगेचा धोशा लावला. बाकी कशाचीच त्यांना फिकीर नव्हती. भाषा येत नाही, खायचं काय, कुणी भेटलं नाही तर काय, हे सगळं महिपतीनं बोलून बघितलं. आबासाहेब ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "बॅग कवा बघायची?"

दुकानाच्या पायरीवर महिपतीनं त्यांना बजावलं होतं की बॅग कशासाठी हवी ते बोलायचं नाही. लग्नसराईचं दुकान, माणूस मनात किंतू धरतो आणि धड माल दाखवत नाही. आबासाहेबांनी मान डोलावली होती. तेव्हा महिपतीला वाटलं होतं, आपण मोठं शहाणपण केलं. आता पिशव्यांच्या त्या वासात उभं राहून त्याला ते तसं वाटेना.

"पोरगा असतो होय तिकडं?" सिद्रामप्पांनी शिडीवर चढता चढता विचारलं.

"व्हय. नैरोबीला."

"त्यानं बोलवलंय?"

महिपती रस्त्याकडं बघू लागला.

"लई दिस झालं बोलवून," आबासाहेब म्हणाले. "मलाच सवड न्हवती."

"असंच असतंय बघा. पोरं बोलवत्यात आन आपुण म्हशीचं शेपूट धरून बसतो. बरं केलासा, निघालाव. लगीन झालंय का त्याचं?"

"न्हाई. औंदा करायचं हुतं."

"मग आता येताना संगटच घिऊन या. तिकडं ठिवू नका. परदेशात पोरगं एकटं ऱ्हायलं की हातचं जातंय."

"आणायलाच चाललोय," आबासाहेब म्हणाले.

महिपतीला पहिल्यांदा त्या बडबड्या दुकानदाराचा राग आला. मग स्वतःचा आला. असं काय अडलं होतं न सांगायला? निदान आता तरी गप्प करावं याला, म्हणून तो वळला आणि त्यानं बापाचा चेहरा बघितला. महिनाभर त्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नव्हती. तेराव्याला पंगत उठली तेव्हाही नाही. आणि इथं आबासाहेब शिडीच्या पायथ्याशी मान वर करून उभे होते, हिंदुराव काय शिकला, किती माग बघतो, कसं मसाल्याचं पार्सल मागवतो, ते सांगत होते. 'बघतो', 'मागवतो'. महिपतीनं उघडलेलं तोंड मिटलं. धाकट्याला एवढा वेळ तरी जगू द्यावं, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं. त्यानं घड्याळात बघितलं.

"आबा, करकंबची यष्टी हाय. लवकर बघा."

"बघतोय की."

सिद्रामप्पा चौथी बॅग घेऊन खाली उतरले. निळ्या कॅनव्हासची, लहान, रुंद पट्ट्याची, वरून चेन असलेली. आबासाहेबांनी ती हातात घेतली आणि जरा चमकलेच. एवढी हलकी की तिच्यात काही असेल असं वाटू नये. त्यांनी ती खिळ्याला टांगली. बॅग सरळ राहिली. त्यांनी पट्ट्याला खाली हिसका दिला, शिवणीवरून अंगठा फिरवला, चेन उघडून आत कोपरापर्यंत हात घातला आणि तो हात बराच वेळ आतच ठेवला.

"हीच," ते म्हणाले.

"झ्याक निवडलासा. विमानात चढलं की फुडच्या शिटाखाली सरकवायची, पायापाशी. मागं एक डाक्टर घिऊन गेले अशीच. त्यांनीच सांगितलं."

आबासाहेबांचा हात थांबला.

"पायापाशी?"

"व्हय की. वर फळी असती, पर तितं कोट नि टोप्या. बॅगा सगळ्यांच्या खालीच."

"पाय लागत असतील."

"बॅगंला लागत्यात मालक. माणसाला थोडंच लागत्यात?"

बॅग छातीशी धरून आबासाहेब भिंतीकडच्या बाकड्यावर जाऊन बसले. धोतर सारखं केलं, दोन्ही गुडघे जुळवले आणि बॅग मांडीवर घेतली. थोडी पुढं सरकवली, थोडी मागं घेतली. मग तिच्याभोवती हात टाकून ते तसेच बसून राहिले. बाजारात जोडे पायात घालून बघावेत, तितक्या सरळपणे ते हे बघत होते.

"अशी घिऊन बसतो."

"सगळी वाट? नैरोबी म्हंजे काय शेजारचं मोहोळ हाय होय?" सिद्रामप्पांना आता खरंच मजा वाटू लागली होती. नवी वस्तू देताना तिला हळदीकुंकू लावायची त्यांची रीत होती. गादीशेजारच्या गणपतीपुढची कुंकवाची डबी हुडकत ते म्हणाले, "पाय आखडून जातील मालक. मांडीवर घिऊन बसायला ते काय पोर हाय?"

"पोर कवा घेतलं न्हाई," आबासाहेब म्हणाले.

"आं?"

"मांडीवर. माझं पोर मी कवा घेतलं न्हाई."

सिद्रामप्पांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्याही घरात तीच रीत होती, अनेकांच्या घरात होती. वडीलधारी माणसं बसलेली असताना स्वतःच्या पोराला जवळ घ्यायचं नाही. भावाचं घ्यावं, शेजाऱ्याचं घ्यावं, आपलं नाही, ते निलाजरेपणाचं. आणि आबासाहेबांचे वडील दिवसभर सोप्यातल्या बाजेवर बसलेले असत. ते चांगले पिकून गेले. हिंदुराव रांगत यायचा, धोतराचा सोगा धरून उभा राहायचा आणि वर बघत हात पसरायचा. आबासाहेब सोगा सोडवून घेत आणि आतल्या दिशेनं हाक मारत, "अगं, ह्याला ने." एकदा त्याला आठवडाभर ताप होता, तेव्हाही त्यांनी तेवढंच केलं होतं. म्हातारे वारले तेव्हा हिंदुराव सोलापूरच्या बोर्डिंगात शिकत होता. मिसरूड फुटलं होतं.

हे सगळं आबासाहेबांनी सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आमचा म्हातारा समोरच बसल्याला असायचा."

"आमच्यातबी तसंच की," सिद्रामप्पा म्हणाले. "आमच्या अण्णांसमोर बायकोकडं बघायची चोरी, तितं पोराचं काय घिऊन बसलाव. गेलं ते दिस. आता काय उपेग? आता तुमचा गडी घोडा झाला असंल. मांडीवर घेतला तर मांडी मोडंल तुमची."

त्यांनी डबी उघडली, अनामिका कुंकवात बुडवली आणि बॅगेला लावायला ते पुढं वाकले.

"न्हाई मोडत," आबासाहेब म्हणाले.

त्यांनी बॅगेच्या दोन्ही अंगांना तळवे लावले. मग तळवे हळूहळू जवळ आणले, कॅनव्हास आत दाबला जाईपर्यंत, आणि मुंबईच्या माणसानं फोनवर सांगितलेल्या डब्याएवढं अंतर उरलं तेव्हा थांबवले.

"एवढासाच ऱ्हायलाय आता."

सिद्रामप्पांचं बोट तसंच राहिलं. त्यांनी आबासाहेबांकडं बघितलं, मग महिपतीकडं. महिपतीनं मान खाली घातली, तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी बोट हळूच धोतराला पुसलं आणि डबी मिटली. ते गादीवर परत जाऊन न बसता उभेच राहिले. बाहेर एक टांगा गेला. समोरच्या भांड्यांच्या दुकानात कुणीतरी लग्नाच्या घागरीवर नाव घालत होतं, त्याची टकटक ऐकू येत होती.

आबासाहेबांनी बॅगेवरचे हात काढले नव्हते. ते तिच्याकडंच बघत होते. मग मान न उचलताच म्हणाले,

"तुलाबी कवा घेतलं न्हाई, म्हैपती."

महिपती चौकटीला हात टेकून उभा होता. त्याला आता पस्तिसावं लागलेलं. त्याची स्वतःची मुलगी रोज त्याच्या मांडीवर बसून जेवायची आणि आबा गावाहून आले की तो तिला अजूनही खाली उतरवायचा. गेला महिनाभर सगळं घर धाकट्यासाठी रडत होतं, आणि त्यानं तार वाचण्यापासून तेराव्याच्या पानांपर्यंत सगळं निभावलं होतं. आपल्याला कुणी काही विचारावं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आता त्याला रडावंसं वाटलं, आणि ते हिंदुरावासाठी नव्हतं याची त्याला लाज वाटली.

"यष्टी चुकंल, आबा," तो म्हणाला, आणि बाकड्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसला.