पिचकारीचं डावं इंजिन

मित्रांनो, आदिलाबाद जिल्ह्यातल्या मुधोळपासून दोन-तीन कोसांवर, गोदावरीच्या काठी, एका सरकारी आवाराच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड आहे. तिथे लाकडी ठोकळ्यांवर बसवून ठेवलेली जुनी बोट म्हणजे मी. मला वल्ही नाहीत, शीड नाही, आणि पाण्यात फिरणारा पंखाही नाही. माझ्या पोटाला खालून दोन तोंडं आहेत. माझी दोन डिझेल इंजिनं त्या तोंडांतून नदीचं पाणी आत ओढतात, आतली चक्रं ते पाणी दाबतात आणि मागच्या दोन नळ्यांतून जोरानं फेकतात. त्या धक्क्यानं मी पुढे धावते. खडक असोत, वाळू असो, गुडघाभर पाणी असलं तरी माझं अडत नाही. म्हणूनच पुरात अडकलेली माणसं काढायला सरकारनं मला इथे आणलं होतं.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. १९८२ साली मला लॉरीवर बांधून निर्मळच्या घाटातून इकडे आणलं. नदीकाठी ही गर्दी झाली होती! पहिल्यांदा इंजिनं सुरू झाली आणि माझ्या मागून पाण्याच्या दोन धारा उडाल्या, तेव्हा गर्दीतली एक म्हातारी ओरडली, "अवो, हे तं पिचकारी हाय!" तेच नाव पडलं. सरकारी कागदावर माझा नंबर होता, पण मला त्या नंबरानं कधी कोणी हाक मारली नाही.

माझे चालक होते डोमाजी. त्यांचं मुधोळात पंपाची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस म्हणून खात्यानं त्यांना बोलावून घेतलं. ते कमी बोलत. सकाळी आले की आधी माझ्या पोटाखाली वाकून बघत. पाणी आत येतं त्या दोन्ही तोंडांवर लोखंडी गजांच्या जाळ्या होत्या. गवत, काड्या आत जाऊ नयेत म्हणून. त्या जाळ्या ते स्वतःच्या हातानं साफ करत. मग हात धुऊन चहा घेत.

दुसऱ्याच वर्षी नदीला पूर आला. तीन दिवस डोमाजी माझ्यावरून उतरले नाहीत. पाण्यानं वेढलेल्या वस्त्यांमधून आम्ही माणसं काढली, शेळ्या काढल्या, एक बाळंतीणही काढली. पाणी ओसरल्यावर मोठे साहेब आले. माझ्या नाकाला झेंडूचा हार घातला, डोमाजींच्या गळ्यात दुसरा घातला, फोटो काढला. डोमाजींची बायको देवकाबाई गर्दीत मागे उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. नंतर तसा दिवस आला नाही.

पुढची वर्षं पाऊस बेताचा झाला. माझा उपयोग साहेबांच्या पाहुण्यांना नदी दाखवायला होऊ लागला. डिझेल मिळायचं, पण दुरुस्ती नाही. एकदा खडकावर घासून डाव्या जाळीचे दोन गज तुटले. डोमाजींनी दफ्तरात अर्जी दिली, नवीन जाळी पाहिजे म्हणून. चार महिन्यांनी दुसरी दिली. पावसाळ्याच्या तोंडावर तिसरी. भांडारपाल सुधाकरराव दर वेळी म्हणायचे, "वरून मंजुरी यायची आहे, डोमाजी. आली की कळवतो."

मंजुरी आली नाही. पाणी मात्र आलं.

१९८८ चा तो पूर. नदीच्या मधल्या बेटावर अमृतराव आणि रेणुकाबाई हे नवरा-बायको भाजीपाल्याची वाडी करायचे. पाणी एका सकाळीत इतकं चढलं, की दोघं बाभळीवर चढून बसले. दुपारी आम्ही तिथवर पोचलो. नदी लाल झाली होती. झाडं, छपरं, काय काय वाहत होतं. डोमाजींनी मला प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवलं आणि रस्सी फेकली. रेणुकाबाईंनी ती कमरेला गुंडाळली. त्या माझ्यात आल्या. पाण्यानं भिजलेल्या, हाताची सालं निघालेल्या.

आता अमृतराव. डोमाजींनी रस्सी पुन्हा फेकायला हात उचलला आणि माझं डावं इंजिन एकदम किंचाळलं. आवाज होता, जोर नव्हता. डावी धार बंद पडली. उजव्या इंजिनानं मला गर्रकन फिरवलं. डोमाजींनी कळा ओढल्या, चाक फिरवलं, पण एका इंजिनावर त्या पाण्यात मी एका जागी ठरेना. रस्सी पाण्यात पडली. दोनदा आम्ही वळून परत आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा फांदी नव्हती.

अमृतराव दोन दिवसांनी खाली पुलाच्या खांबाशी सापडले.

चौकशी झाली. कागदावर लिहिलं गेलं, 'चालकाने घाबरून डावीकडची उलट चालीची कळ ओढली, त्यामुळे बोटीचा ताबा सुटला.' मला उघडून कोणी पाहिलं नाही. डोमाजींना कामावरून काढलं. मला ओढत आणून या शेडमध्ये ठेवलं आणि दाराला कुलूप घातलं.

सात वर्षं, मित्रांनो. माझ्या धुराच्या नळीत खारीनं घर केलं. बसायच्या फळ्या वाळवीनं खाल्ल्या. मधमाश्या आल्या आणि गेल्या. पावसाळ्यात नदीचा आवाज ऐकू यायचा आणि मी कोरड्यात बसलेली असायची.

१९९५ च्या उन्हाळ्यात कुलूप वाजलं. दारात डोमाजी उभे होते. केस पांढरे झालेले, पाठ थोडी वाकलेली. त्यांच्यामागे रेणुकाबाई. हे दोघं एकत्र कसे आले, ते मला पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

रेणुकाबाई एके दिवशी मुधोळला चालत गेल्या आणि डोमाजींच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "डोमाजीभाऊ, ते बोट तुमी ठीक करा."

डोमाजींनी मान वर केली नाही. "मी? बाई, तुमाले ठाव नाई का? माह्यानं तुमचा मालक गेला."

"तुमच्यानं गेला का नदीनं गेला, मले कोनी पुसलं का? चौकशीत मले बोलावलंच नाई. मी तं तिथंच होती."

"मंग आता काऊन आल्या?"

"बेटावर आता सात घरं झाली, भाऊ. लेकरं हायत. पानी येईनच. तवा कोन येईन?"

"कुलूप तं सरकारचं हाय," एवढंच डोमाजी म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी रेणुकाबाई बेटावरच्या बाया घेऊन दफ्तरात गेल्या आणि तिथल्या साहेबासमोर बसून राहिल्या. नवा साहेब हैदराबादकडचा होता. कंटाळून तो म्हणाला, "ठीक कर लो, लेकिन अपनी जिम्मेदारी पर." असं कुलूप उघडलं होतं.

डोमाजींनी उजव्या बाजूनं सुरुवात केली. टाकीतलं सडलेलं डिझेल काढलं. नळ्या उकलून फुंकल्या. इंजिन गंजून आतून जाम झालं होतं. त्यांनी वरून रॉकेल आणि तेल ओतलं आणि रोज सकाळी पहारीनं इंजिनाचं चाक ढकलून पाहिलं. दहा दिवस ते हललं नाही. अकराव्या दिवशी कट् असा आवाज झाला आणि चाक चार बोटं फिरलं. डोमाजी खाली बसले आणि कपाळ माझ्या पत्र्याला टेकवून कितीतरी वेळ तसेच राहिले. शेतकऱ्यांनी आपल्या पंपांचे जुने भाग आणून दिले. रेणुकाबाईंनी माझ्या पोटातला सात वर्षांचा कचरा घमेल्यांनी बाहेर काढला.

पण डाव्या बाजूला डोमाजी हात लावत नव्हते. उजवं इंजिन धडधडू लागलं तरी नाही. शेवटी रेणुकाबाईंनीच विचारलं, "डावं काऊन उघडत नाई, भाऊ?"

डोमाजी पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "मले आता आठवतच नाई, बाई, त्या दिवशी मी काय केलं. कागदावर लिवलं का कळ उलटी ओढली. सायब तसंच मने. गावबी तसंच मने. आता डोळे मिटले का मलेबी तेच दिसते. माहा हात उलट्या कळंवर. उघडलं आन् तसंच निंगालं तं?"

"आन् नाई निंगालं तं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डावी बाजू उघडली. कळ ओढली की फिरणारी मागच्या नळीची झडप सरळ चालीवरच गंजून बसली होती. उलट नव्हती. मग चक्राचं झाकण निघालं. त्याच्या दांड्याभोवती काळ्या, वाळलेल्या काटक्यांचा घट्ट वेढा होता. डोमाजींनी एक काटकी ओढली. मोडली. दुसरी ओढली. त्या पऱ्हाट्या होत्या. कापूस वेचून झाल्यावर उपटून जळणासाठी बांधावर रचतात ना, त्या. पुरात वाहून आलेल्या पऱ्हाट्या जाळीच्या तुटक्या जागेतून आत शिरल्या होत्या आणि त्यांनी चक्राचा गळा आवळला होता. चक्राचं एक पातं मोडून पडलं होतं.

मग रेणुकाबाईंनी एक पऱ्हाटी हातात घेतली. "आमीबी काठावरच रचून ठेवल्या होत्या," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्याच तं नसतीन?"

"तसं मनू नोका, बाई." डोमाजींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "एवढ्या गावच्या पऱ्हाट्या येतेत नदीत. हे कोनाच्याच नाई."

स्वतःला मात्र त्यांना असं काही सांगता आलं नव्हतं, सात वर्षांत एकदाही.

आवारात राहणारे सुधाकरराव आवाज ऐकून आले. त्यांनी तुटके गज पाहिले, घमेल्यातल्या पऱ्हाट्या पाहिल्या आणि परत गेले. संध्याकाळी ते तीन पिवळे कागद घेऊन आले. डोमाजींच्या तीन अर्ज्या. त्या वर कधी गेल्याच नव्हत्या. "कामाच्या धांदलीत कपाटात राहिल्या," ते म्हणाले. "नंतर चौकशीत दाखवायची हिंमत झाली नाही. माझी नोकरी गेली असती, डोमाजी."

डोमाजींनी कागद घेतले, उलटेपालटे केले. "तुमची राह्यली ना, सुधाकरराव," ते म्हणाले. "तेवढं झालं." आणि ते हात धुवायला निघून गेले.

कागद आणि पऱ्हाट्यांची पिशवी घेऊन डोमाजी आणि रेणुकाबाई आदिलाबादला मोठ्या दफ्तरात गेले. सुधाकररावही बरोबर गेले आणि त्यांनी लिहून दिलं. तिथे सांगितलं गेलं, "फाईल बंद हो चुकी है." पिशवी त्यांनी ठेवून घेतली नाही.

माझं काम थांबलं नाही. गावच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून तिचे गज पाडले आणि दोन्ही तोंडांना नव्या जाळ्या बसल्या. निर्मळच्या एका कारागिरानं मोडलेलं पातं पितळ वितळवून जोडलं. श्रावणात मला नदीत सोडलं. दोन्ही इंजिनं लागली. दोन्ही धारा उडाल्या. काठावर देवकाबाई होती. या वेळी ती हसली नाही. तिनं नदीला हात जोडले.

रेणुकाबाई माझ्यात बसल्या होत्या. "तिकडं न्या," त्या म्हणाल्या. डोमाजींनी मला बाभळीच्या जागी नेलं. तिथे झाड नव्हतं, नुसतं पाणी होतं. डोमाजींनी दोन्ही इंजिनांवर मला त्या जागी स्थिर धरलं. मी जराही हलले नाही. तेव्हा मात्र डोमाजी रडले. रेणुकाबाई त्यांच्याकडे पाठ करून बसून राहिल्या.

भादव्यात पाणी चढलं. बेटावरची सातही घरं आम्ही रिकामी केली. एकतीस माणसं काठावर आणली. कोणी मागे राहिलं नाही. हार आला नाही, त्याचं दुःख नाही. पण सरकारी कागदावर चालक म्हणून डोमाजींचं नव्हे, खात्यातल्या दुसऱ्याच माणसाचं नाव लागलं, आणि तो त्या दिवशी रजेवर होता.

डोमाजी १९९७ साली काविळीनं गेले. जाईपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी ते दफ्तरात जाऊन फाईल पुन्हा उघडली का, ते विचारून यायचे. कागदावर ते अजूनही दोषी आहेत. बेटावरची घरं पुढे काठावरच्या उंच जागी हलवली आणि मला पुन्हा शेडमध्ये आणून ठेवलं. उजव्या इंजिनात पाणी शिरलंय. ते काढायला कोणी आलेलं नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे. माझा पत्रा फाटला तर ठिगळ बसतं, पातं मोडलं तर पितळानं जोडता येतं. डोमाजींची सात वर्षं कोणत्या लोहारानं घडवून द्यावी? तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातला कोणी साहेब होईल, कोणी भांडारपाल. तुमच्या टेबलावर कोणी दुरुस्तीचा कागद आणून ठेवला तर तो त्याच दिवशी वाचा. आणि कधी माणसावर दोष ठेवायची वेळ आलीच, तर लिहिण्याआधी यंत्र उघडून बघा.