दोन डावी पावलं

मैदानावर आवाज चढवायचा नाही, असं व्रत शाळेतल्या खेळाच्या बाईंनी घेतलं होतं आणि ते आजवर कसोशीनं पाळलं होतं. गळ्यात शिटी असताना ओरडायचं कशाला? रोज सकाळी देवाचं नाव घेऊन त्या मैदानात उतरायच्या. मुली दुसऱ्यांच्या आरडाओरड्याला भीक घालत नसत, पण बाईंच्या हळू बोलण्याला टरकून असत.

त्यांची आणखी एक पद्धत होती. शर्यतीआधी प्रत्येकीनं अनवाणी पाय खडूच्या भुकटीत बुडवायचा आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या काळ्या फरशीवर आधी डाव्या, मग उजव्या पायावर उडी मारायची. पाऊल पूर्ण उमटलं तर पळायचं, अर्धंमुर्धं उमटलं तर पाय दुखावलाय समजून बाकावर बसायचं. इथे वशिला चालत नसे.

आज रिलेची अंतिम फेरी होती. शेवटचा टप्पा टोळ पळणार होती. लांब तंगड्यांमुळे मैत्रिणींनीच तिला हे नाव ठेवलं होतं. तिची उडी होणार, तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले.

"बाई, जरा बाहेर या. जिंकल्यावर फोटोत कुणी कुठे उभं राहायचं, ते ठरवून टाकू."

"आधी जिंकू तर द्या, सर."

"अहो, दोन मिनिटं!"

पाहुण्यांच्या शेजारी कोण, कप कुणाच्या हातात, असा सरांनी बराच घोळ घातला. बाई परत आल्या तेव्हा टोळ बुटांच्या नाड्या बांधत होती.

"झाली उडी?"

"झाली," ती वर न बघता म्हणाली.

फरशीवर दोन ठसठशीत पावलं होती. टाच, चवडा, बोटं, सगळं जागच्या जागी. बाई समाधानानं वळल्या आणि थबकल्या. दोन्ही पावलांचे अंगठे उजव्या अंगाला होते.

"टोळ, देवानं तुला दोन डावे पाय कधी दिले गं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाईंनी स्वतःच तिचा उजवा बूट काढला, मोजा उतरवला. घोटा सुजून टरारला होता आणि त्याला बधिर करायच्या फवाऱ्याचा उग्र वास येत होता.

"काल मुरगळला," टोळ पुटपुटली. "सर म्हणाले, बाईंना मी बाहेर बोलावतो, तू डावाच पाय दोनदा टाक. फवारा पण त्यांनीच दिला."

सर दारातच होते. लाज नावाला नाही.

"मिनिटभराचा तर प्रश्न आहे, बाई. पळू दे की. शाळेच्या इज्जतीचा..."

"मिनिट तुमचं आहे, सर. पाय तिला जन्मभर वापरायचाय! तुमच्या लेकीचा घोटा असा असता, तर मारला असता फवारा?"

"आवाज खाली!"

तेव्हा कुठे बाईंना कळलं की आपला आवाज चढलाय. बाहेर दुसऱ्या शाळेच्या मुली थांबून बघत होत्या. व्रत मोडलं ते मोडलंच. देवाची माफी संध्याकाळी मागता येईल, असं मनाशी म्हणून त्या आणखी मोठ्यांदा कडाडल्या, "ही पळणार नाही! बटण, बूट घाल!"

बटण म्हणजे राखीव खेळाडू, संघातली सगळ्यात बुटकी. बिचारी जीव तोडून पळाली. संघ चौथा आला.

सर तरातरा चालत आले. "सोमवारपासून दुसरे कोच येतील. शिटी द्या."

"घ्या. शाळेचीच आहे."

खोलीत टोळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. "शाळेतली माझी शेवटची शर्यत होती. तुम्ही घालवलीत, बाई."

"हो, मीच घालवली." बाई खाली बसल्या आणि तिचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधू लागल्या. फवाऱ्याचा असर उतरत चालला होता. टोळनं ओठ दाबून धरले. मग एकदम बाईंचा खांदा गच्च पकडला.

"दुखतंय, बाई. खूप दुखतंय."

"मग कालच का नाही बोललीस?"

"येता-जाता सगळे एवढंच विचारत होते, जिंकशील ना, जिंकशील ना. तुम्ही पण."

बाईंचा हात थांबला. विचारलं होतं खरं. कालच, फाटकापाशी, हसत हसत.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या आणि पट्टीला गाठ मारली.

बाहेरून सरांची हाक आली, "बाई, मुलींना आणताय ना? चौथे तर चौथे, पाहुणे फोटोसाठी खोळंबलेत!"

"तुमचा तुम्ही काढून घ्या!" बाई आतूनच ओरडल्या. टोळचा हात त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला. दुसऱ्या बाजूनं बटणनं तिला आधार द्यायला पाहिलं, पण तिचा खांदा टोळच्या कमरेपर्यंतच पोचला. तशाच तिघी मागच्या दारानं डॉक्टरकडे निघाल्या.