सातव्या वाक्यावर हलिना

"मुलाखतीत तिसरा माणूस नको, घरमालक असला तरी," वरदानं बजावलं होतं. आमच्या प्रोजेक्टची ती प्रमुख. मी हसले होते. "अगं, त्याच्याच घरात त्याला उठवू?"

आत्मप्रेम मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली आम्ही युक्रेनियनमध्ये आणतोय. वाक्यं नीट पोचतात का हे कळावं म्हणून माणसं उत्तर देताना मनात येईल ते मोठ्यानं बोलतात, आपल्याच भाषेत. मी रेकॉर्ड करते. मला युक्रेनियन येत नाही. लीड्सची लारिसा नंतर ऐकून सांगते. युक्रेनियन कळणारं कुणीतरी ऐकेल, एवढं त्या माणसांना माहीत असतं.

हलिना युद्धामुळे युक्रेनमधून इंग्लंडला आलेली, इथे कॉव्हेंट्रीत ग्रॅहमच्या घरी राहते. नर्सरी बंद म्हणून माझ्या लेकीला, सान्वीला घेऊनच गेले. ग्रॅहमनं चहा दिला, सान्वीला मांडीवर घेतलं आणि तिथेच बसला. 'जरा बाहेर थांबता का' हे ओठांवर आलं. पण माझं बाळ त्याच्या हातात.

"आमची हलिना लाजाळू आहे हं," तो म्हणाला. "फोनसुद्धा मीच उचलतो तिचा."

हलिना वाक्य वाचायची, थोडं बोलायची, 'असहमत'वर खूण करायची. सातवं वाक्य होतं, 'लोकांनी माझी दखल घ्यावी असं मला वाटतं.' तिथे तिनं 'पूर्ण सहमत'वर खूण केली आणि बराच वेळ बोलली. आवाज तोच, सपाट. नजर सान्वीवर.

"काय म्हणतेय एवढं?" ग्रॅहमनं विचारलं.

"मला तरी कुठे कळतंय!"

तो हसला. मीही.

आज सकाळी लारिसाचा फोन. "ऋजुता, सातव्यावर ती वाक्याबद्दल बोलतच नाहीये. म्हणते, माझा पासपोर्ट याच्याकडे आहे. हा मला एकटीला बाहेर जाऊ देत नाही. आणि म्हणते, या बाईला सांगा, आधी बाळ त्याच्याकडून घे, मग काय ते कर."

पोलिसांना लगेच कळवलं. ते निघालेत. राहवेना म्हणून, पुढच्या मुलाखतीची वेळ ठरवायचं निमित्त करून तिला फोन लावला. त्यानंच उचलला.

"झोपलीय ती."

सकाळचे अकरा वाजून गेलेले.

सान्वीला कडेवरून उतरवायचा धीर होत नाहीये. पोलिसांचा फोन अजून नाही.

तुमच्याही रस्त्यावर असं कुणी असेल, जिच्याऐवजी कायम दुसराच बोलतो. आजच जा, बेल वाजवा. 'ती बरी आहे' एवढ्यावर परत फिरू नका. तिलाच दारात बोलवा, तिच्या तोंडून ऐका.